उपऱ्याचे पोर आणि गावची वाळी



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक, वकील, संपादक अशी विद्वान माणसे बोलून गेली. तिथे यंदा एका कामगार कार्यकर्त्याला उभे करण्याचे धाडस चालकांनी केले. त्याबद्दल त्यांचे आभार मानावे की त्यांची कीव करावी, हे तासाभराने तुम्हीच ठरवा. माझे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते आपल्या नगर वाचनालयात आणि बंदरावर. तेव्हा माझ्या बोलण्यात पुस्तकातली वाक्ये कमी आणि धक्क्यावरची जास्त येतील, ती सांभाळून घ्या.

चालकांनी दिलेला विषय पत्रिकेत छापला आहे: 'युरोपातील स्थलांतरितांची तरुण पिढी : समाजाची उपेक्षा आणि व्यक्तीची जबाबदारी'. मी त्यांना म्हटले, "अहो, मी युरोप पाहिलेला नाही. माझा लांबचा प्रवास म्हणजे दिल्ली, तोही मोर्चाबरोबर; आणि मोर्चात दिल्ली दिसत नाही, पोलीस दिसतात." ते म्हणाले, "तुम्ही वाचता ना? मग वाचलेले सांगा." ठीक आहे. वाचलेले आधी सांगतो, आणि मग ज्या गोष्टीसाठी मी हा विषय पत्करला तिच्याकडे वळतो. ती गोष्ट युरोपातली नाही. ती आपल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावरची आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर युरोपात माणसे कमी पडली. कारखाने उभे करायचे होते, कोळसा काढायचा होता, रस्ते झाडायचे होते. इंग्लंडने आपल्या जुन्या वसाहतींतून माणसे घेतली, फ्रान्सने उत्तर आफ्रिकेतून, आणि पश्चिम जर्मनीने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानाशी करार करून मजूर आणले. जर्मनांनी त्यांना नाव दिले 'पाहुणे कामगार'. शब्द मोठा गोड आहे. पण पाहुण्याला कोणी भट्टीपुढे उभे करीत नाही. आणि पाहुणा आज ना उद्या जाणार, हे त्या शब्दात धरलेलेच आहे. हे पाहुणे गेले नाहीत. १९७३ साली जर्मनीने भरती बंद केली, तेव्हा जे तिथे होते त्यांनी उलट बायकामुले आणवून घेतली. कारण एकदा बाहेर पडलो तर पुन्हा आत शिरता येणार नाही ही भीती. त्यांची मुले तिथे जन्मली, तिथल्या शाळेत गेली, आणि मिसरूड फुटल्यावर त्यांना कळले की आपण जन्मल्या गावात पाहुणेच आहोत.

२७ ऑक्टोबर २००५ रोजी पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वा या वस्तीत पोलिसांना चुकवून पळणारी पोरे विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि त्यांतली दोन जागच्या जागी मेली. त्यानंतर तीन आठवडे फ्रान्सच्या वस्त्यावस्त्यांतून दंगल चालली. हजारो मोटारी जळाल्या, सरकारला आणीबाणीचा कायदा लावावा लागला. तेव्हा तिथल्या शहाण्या माणसांत दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत. एक तट म्हणतो, या पोरांना समाजाने टाकले. नोकरीच्या अर्जावरचे नाव वाचूनच अर्ज बाजूला पडतो. मग ती पेटतील नाही तर काय करतील? दुसरा तट म्हणतो, गरीब पुष्कळ असतात, सगळे जाळपोळ करीत नाहीत; ज्याने काडी ओढली त्याचा तो गुन्हा.

मला दोघांचेही म्हणणे खरे वाटते आणि दोघांचेही अर्धे वाटते. जळाल्या त्या मोटारी कोणाच्या? बहुतेक त्याच वस्तीतल्या माणसांच्या. पहाटे कामावर जायला निघालेल्या एखाद्या शेजाऱ्याने खाली येऊन आपल्या गाडीचा सांगाडा पाहिला असेल. शाळा जाळल्या त्या त्यांच्याच धाकट्या भावंडांच्या. हे पहिल्या तटाला सांगावे लागते. दुसऱ्या तटाला मला इतकेच विचारायचे आहे, की 'जबाबदारी' या आपल्या शब्दात 'जबाब' आहे. जबाब देणारा हवा तसा घेणाराही हवा. ज्याला कोणी विचारीतच नाही, त्याने जबाब द्यायचा तो कोणापुढे?

युरोप इथे संपला. आता धक्क्यावर चला.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला बोटी निघायच्या, पण कित्येक निघत नाहीत. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण. दुसरे कारण, खलाशी आलेले नसतात. मालक फोन करकरून थकतात. नेपाळच्या पश्चिम भागातून, कैलाली, डोटी, अछाम या बाजूंनी पोरे येईपर्यंत लाखालाखांच्या बोटी दोरखंडाला डुलत राहतात. पर्ससीनच्या एका बोटीला पंचवीस-तीस माणूस लागतो. मालक आपला, तांडेल बहुधा आपला; जाळे ओढणारे हात नेपाळचे. बागेत गेलात तरी तेच. मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी भरेपर्यंत झोपडीत राहणारा, रात्री बॅटरी घेऊन फिरणारा, वानर हाकणारा, पाठीवर फवारणीचा पंप घेणारा राखणदार नेपाळचा असतो, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको आणि दोन-तीन लेकरे. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आपण पेढे वाटले. तो आंबा राखणाऱ्याचे पोर जन्माच्या दाखल्यासाठी तीन कचेऱ्या हिंडते.

या लोकांना इथे यायला परवाना लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात तह झाला, त्याने दोन्ही देशांच्या माणसांना एकमेकांकडे राहण्याची, कामधंदा करण्याची मोकळीक दिली. (तारीख बघा: मासेमारीबंदी संपते तीच!) येण्याजाण्याची वाट अशी उघडी, पण इथे जन्मलेल्या मुलाचे काय? आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यात १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून ही अट आणखी आवळली गेली. जर्मनीने १ जानेवारी २००० पासून, दीर्घकाळ राहिलेल्या परक्यांच्या मुलांना जन्माने नागरिक मानायला सुरुवात केली. ते दार किलकिले करीत होते त्याच सुमारास आपण कडी लावीत होतो. देशाला आपल्या सीमेची काळजी असते, ती मी समजू शकतो. त्यावर आज वाद घालीत नाही. पण पावसजवळच्या बागेत जन्मलेले, 'माका भूक लागली' असे म्हणणारे पोर कायद्याने परदेशी आहे, एवढे तुमच्या कानावर असावे.

शाळेचे बघा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क आहे. त्यात नेपाळी वजा केलेले नाहीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांपैकी काही जण बागेबागेतून फिरून ही मुले गोळा करतात, मी स्वतः पाहिले आहे, आणि त्यांना इथून नमस्कार करतो. पण शाळा उघडते जूनच्या मध्यावर, आणि पावसाबरोबर राखणदार घरी निघतो. तो परत येतो दिवाळीच्या आगेमागे. तोवर सहामाही झालेली असते. मूल दर वर्षी अर्धे पुस्तक शिकते, आणि तेही मागचे अर्धे. बेरीज न येता भागाकारावर आलेले पोर सातवीपर्यंत रेटले जाते, आणि मग बोटीवर चढते.

आणि त्याला हाक काय मारतात? 'बहादूर'. सगळ्यांना बहादूर. एका बोटीवर मी अकरा बहादूर मोजले. मालकाला विचारले, यांची नावे काय? तो हसून म्हणाला, "नावं कुठं लक्षात राहतात, अण्णा?"

बंधूंनो, तो हसला तेव्हा मला माझा आजा आठवला. आजा मुंबईला गेला तेव्हा पहिली दोन वर्षे एका शेठच्या घरी कामाला होता. त्या काळी रत्नागिरीहून गेलेल्या घरगड्याला मुंबईत एकच नाव होते: 'रामा'. तुम्ही गोविंद असा, बाबाजी असा, धोंडू असा. मालकीण हाक मारणार 'रामा'. रस्त्यावर उतरलात की 'घाटी'. कोकणातला माणूस घाटावरचा नव्हे, हे समजावून सांगण्याची सोय नव्हती. मुंबईच्या कापडगिरण्यांना मजूर पुरवण्यात वर्षानुवर्षे सर्वांत मोठा वाटा आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीच्या जिल्ह्याचा. म्हणजे आपण सगळे इथे बसलेले बहादुरांची नातवंडे आहोत. हे आपण लवकर विसरलो. १९६६ नंतर मुंबईत उडप्यांच्या हॉटेलांवर जे दगड पडले ते टाकणाऱ्यांत चाकरमान्यांची पोरे नव्हती असे मी छातीला हात लावून म्हणू शकत नाही.

पण आजाच्या आणि या पोरांच्या स्थितीत एक फरक होता, आणि तोच मला आज सांगायचा आहे. आजाला मंडळाची खोली होती.

ज्यांनी ती पाहिलेली नाही अशा तरुणांसाठी सांगतो. लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराची एक खोली एका गावाच्या मंडळाने भाड्याने घेतलेली असे. तिच्यात वीस, तीस, कधी त्याहून जास्त माणसे पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा. जेवण खानावळीत. खोलीत प्रत्येकाला एक खुंटी, एक ट्रंक आणि वळकटीपुरती जागा. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर आणि मंडळाची वही. त्या वहीत तुमचे नाव, बापाचे नाव, वाडीचे नाव. भोंगा वाजला की तुम्ही गिरणीचे 'बदली' कामगार, रस्त्यावर घाटी. पण खोलीत आलात की अमक्याचा नातू, तमक्याचा पुतण्या. गावी मनीऑर्डर गेली नाही तर रविवारी विचारणा होई. दारू पिऊन आला तर होई. म्हाताऱ्यांची ती कटकट आम्हां पोरांना नकोशी वाटे.

मी स्वतः त्या कटकटीतून गेलेला आहे. वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याचे आजतागायत कोणी जाहीर केलेले नाही. तो नुसता विरून गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. वडील वर्षभराने आम्हांला घेऊन लांज्याकडच्या गावी आले, आणि मरेपर्यंत कामावर बोलावणाऱ्या पत्राची वाट पाहत राहिले. मी १९८८ साली, एकोणीस वर्षांचा असताना, एका वर्कशॉपात लागून पुन्हा त्याच खोलीत वळकटी टाकली. त्या वर्षी गणपतीची वर्गणी गोळा करायचे काम मंडळाने माझ्याकडे दिले. एकशे चाळीस रुपये जमले होते. मी ते मटक्यावर लावले. दामदुप्पट करून परत ठेवणार होतो. चोर नेहमी परतच ठेवणार असतो.

रविवारी बैठक बसली. माझ्या तोंडून सगळे वदवून घेतले. तात्या म्हणून एक म्हातारे होते, कांडीखात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पैसे फेडशील. सहा महिने खोलीचं पाणी तू भरशील. आणि बापाला पत्र तू स्वतः लिहिशील, आमच्यासमोर." पाणी तळमजल्यावर, खोली तिसऱ्या मजल्यावर. पाण्याचे काही वाटले नाही, पण ते पत्र लिहिताना हात थरथरत होता. मात्र त्या सहा महिन्यांत माझी खुंटी कोणी काढून घेतली नाही. वळकटी होती तिथेच राहिली. मी तेव्हा मनातून त्यांना शिव्याच दिल्या, हे कबूल करतो.

आता या खोलीचे फार गोडवे गाऊ नयेत म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ती खोली जातीची होती. आमच्या खोलीत आमच्याच वाडीची, आमच्याच जातीची माणसे. गिरणीतसुद्धा साचेखात्यात, जिथे मजुरी चांगली, तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगाराला शिरू देत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याचा उष्टा धोटा आमच्या लोकांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉक्टर आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. मालकाने भेद केला तर आम्ही लाल निशाण घेऊन धावतो. हा भेद कामगारांनी कामगारांशी केला. माझ्या चळवळीचा हा डाग मी दर सभेत सांगतो, इथेही सांगितला.

संपानंतर खोल्या ओस पडल्या. म्हातारी माणसे गावी आली, तरुण पोरे मागे उरली. आमच्या चाळीत दोघे सख्खे भाऊ होते. बापाची नोकरी गेलेली, आई पापड लाटायची. थोरला एका टोळीत गेला आणि तिशी गाठण्यापूर्वी रस्त्यावर मारला गेला. धाकट्याने भाजीची हातगाडी धरली. आज त्याची मुलगी परिचारिका आहे. घर एकच, भूक एकच. म्हणून परिस्थितीनेच सारे घडते असे कोणी मला पढवू लागला की मी ऐकून घेत नाही, मग तो आमच्याच पुस्तकातला का असेना. पण थोरल्याला पहिल्यांदा नवा शर्ट आणि मोटारसायकल आली तेव्हा 'कुठून आणलीस?' असे विचारणारा खोलीत कोणी उरला नव्हता, हेही मी विसरू शकत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे बोलायला उभा राहिलो ती सांगतो. तिच्यात माझी चूक आहे.

२०१९ चा मे महिना. मोसम संपत आला होता, बोटींवर हिशेब चालू होते. एका बोटीवर एका वयस्क नेपाळी खलाशाची मोसमभराची शिल्लक नाहीशी झाली. अडतीस हजार रुपये, पिशवीत गुंडाळून ठेवलेले. संशय गेला एका एकोणीस वर्षांच्या पोरावर. हे पोर इथलेच, म्हणजे बागेत जन्मलेले, राखणदाराचे. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले. बोटीवरच्या लोकांनी त्याला धक्क्यावर खांबाला बांधले आणि मारले. मला निरोप आला, मी धावलो. दोऱ्या सोडवल्या, आणि मग तुमच्यासारखाच जमाव जमला होता, तेव्हा मी भाषण केले. माझी सवय वाईट. मी म्हणालो, हा नेपाळी, म्हणूनच याच्यावर आळ. मालकाचा मुलगा असता तर हात लावला असता का? परिस्थितीने पिचलेल्या पोराला मारता? टाळ्या पडल्या. मी पोराला घरी आणले, हळद लावली, जेवायला घातले. सकाळी उठून पाहतो तो पोर पसार. पैसे त्यानेच घेतले होते.

दुपारी तो वयस्क खलाशी माझ्या दाराशी आला. चप्पल बाहेर काढून पायरीवर बसला. तोडक्या मराठीत म्हणाला, "साहेब, तुम्ही त्याला सोडवलं, चांगलं केलं. लोकांनी मारून टाकला असता. पण पैसे माझे होते. मी पण नेपाळीच आहे ना?"

मला उत्तर सुचले नाही. मी त्याला चहा दिला. माझ्या साऱ्या भाषणात त्या माणसाचा उल्लेखसुद्धा नव्हता. मारणाऱ्यांच्या लेखी ते पोर 'बहादूर' होते, म्हणून चोर. माझ्या लेखीही ते 'बहादूर'च होते, म्हणून बिचारे. त्याला नाव घेऊन 'तू घेतलेस का?' असे आम्हां दोघांपैकी कोणीच विचारले नाही. मारणाऱ्यांनी विचारण्याआधी मारले, आणि मी विचारण्याआधी माफ केले. माफ करण्याचा मला अधिकार काय होता? पैसे माझे गेले नव्हते.

आपल्याकडे एक जुनी क्रूर चाल आहे, वाळीत टाकण्याची. गावकीच्या विरुद्ध गेलेल्या घराशी बोलणे बंद, विहीर बंद, शिमग्याची पालखी त्याच्या अंगणात जात नाही. तिच्याविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला, तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला, आणि ते योग्यच झाले. पण विचार करा: वाळीत टाकायला माणूस आधी वाडीत असावा लागतो. पालखी ज्याच्या अंगणात कधी गेलीच नाही, त्याच्याकडची पालखी बंद काय करणार? या पोरांना आपण बाहेर टाकलेले नाही. आपण त्यांना आतच घेतलेले नाही. म्हणून आपल्याकडे त्यांच्यासाठी शिक्षाही नाही. खांबाला बांधणे ही शिक्षा नव्हे. ढोरालाही आपण असेच बांधतो. शिक्षा म्हणजे तात्यांनी मला दिली ती: पाणी भर, पत्र लिही, आणि वळकटी तिथेच राहू दे.

तुमच्यापैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल, की यांच्यामुळे आपल्या पोरांचा रोजगार गेला त्याचे काय? मी संघटनेचा माणूस आहे, हा प्रश्न टाळणार नाही. आपली पोरे बोटीवर जात नाहीत, कारण रात्रंदिवसाचे काम, उचल घेऊन बांधले जाणे आणि अपघात झाला तर कोणी विचारणारा नाही. हे सुधारले तर आपलीही पोरे जातील. नेपाळी पोर स्वस्त आणि निनावी आहे तोवर ते सुधारणार नाही. त्याचे नाव हजेरीवर चढले, उचलीचा हिशेब कागदावर आला, तर ते आपल्याच पोरांच्या कामाचे आहे.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. २००८ च्या नोव्हेंबरात 'कुबेर' बोट पळवून अतिरेकी मुंबईत शिरले, तेव्हापासून बोटीवरच्या प्रत्येकाची ओळख कागदावर हवी हा आग्रह वाढला. हवीच. पण पोलिसांच्या नोंदवहीतले नाव वेगळे आणि मंडळाच्या वहीतले वेगळे. पहिल्या वहीत माणूस सापडावा म्हणून नाव लिहितात. दुसऱ्या वहीत लिहितात ते तो आपला आहे म्हणून. आपल्या धक्क्यावर पहिली वही आहे.

परक्याला सामावून घेणे या गावाला अगदीच नवे आहे असेही नाही. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ साली कैदी म्हणून इथे आणला गेला, १९१६ साली इथेच वारला. त्याची एक नात पुढे याच गावात राहिली, मराठी बोलली, मराठी घरात संसार केला, आणि गरिबीत का होईना, रत्नागिरीकर म्हणून गेली. राजाचा वाडा आपण पाहुण्यांना दाखवतो. नातीचे घर दाखवीत नाही.

त्या पोराचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणार. मधे करोनाची दोन वर्षे गेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते माझ्या दारात उभे राहिले, दाढी वाढलेली. माफी वगैरे मागितली नाही. म्हणाले, "काका, ते पैसे कोणाला द्यायचे?" त्या वयस्क खलाशाने तोवर समुद्र सोडला होता, तो आपल्या गावी आहे, त्याचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन लावून दिला आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. ते दोघे अर्धा तास नेपाळीत बोलले. मधे बराच वेळ आतून काही आवाज नव्हता.

ठरले ते असे, की दर मोसमाला जमेल तेवढे पाठवायचे. कोणी मालक त्याला बोटीवर घेईना. मी तीन ठिकाणी गेलो, तिन्ही ठिकाणी नकार, आणि त्यांचेही काही चुकले असे मी म्हणत नाही. चौथ्याने माझ्या जामिनकीवर घेतले. संघटनेतल्या माझ्या सहकाऱ्यांना हे पटलेले नाही. एका चोराला जामीन राहून तुम्ही प्रामाणिक पोरांचे नाव घालवता, असे ते म्हणतात. त्यांच्याशी माझा वाद चालू आहे. खलाशांच्या नावांची वही मात्र आम्ही मिळून सुरू केली: नाव, बापाचे नाव, गाव, इथे कोणाला ओळखतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बंदरावर बसतो. पहिल्या दिवशी चार पोरे आली, कारण बाकीच्यांना वाटले आम्ही पोलिसांचे आहोत. हळूहळू येतात. तुमच्यापैकी ज्यांना नेपाळी किंवा हिंदी बरी लिहिता येते, आणि निवृत्तीनंतर रविवारी काय करावे असा प्रश्न पडतो, त्यांनी मला नंतर भेटावे. बागायतदार इथे पुष्कळ बसले आहेत. त्यांच्याकडे आणखी एक मागणे आहे, की राखणदाराची मुले जूनमध्ये गावी जाताना शाळेचे पत्र आणि पुस्तके बरोबर नेतील, एवढे पाहावे.

त्या पोराने आतापर्यंत बावीस हजार फेडले आहेत. हिशेब माझ्याकडे आहे, तारखांसह. गेल्या मोसमात मासळी कमी होती, त्यामुळे दोनच हजार गेले. सोळा हजार बाकी आहेत.